पुढच्या चाकांची घरघर: बेअरिंग बदललं, तरी आवाज परत का येतो?

ताशी चाळीसच्या पुढे गेलं की पुढून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. वेग वाढेल तसा तो वाढत जातो, साठ-सत्तरला शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि गाडी हळू केली की आपोआप विरतो. गॅरेजमध्ये नेलं की उत्तर ठरलेलं असतं: "बेअरिंग गेलंय." बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं, बदललं जातं. काही दिवस बरे जातात, कधी तेवढेही जात नाहीत, आणि आवाज पुन्हा हजर. मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग, मग टायर. खर्च होत राहतो आणि घरघर तिथेच.

असं वारंवार होण्याचं मुख्य कारण म्हणजे चार-पाच निरनिराळे बिघाड कानाला जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरायच्या आधीच पार्ट मागवला जातो. ते ठरवायला फार मोठी साधनं लागत नाहीत. मोकळा सपाट रस्ता, जॅक, दोन मजबूत स्टँड, मदतीला एक माणूस आणि घाई न करण्याची तयारी एवढं पुरतं. आवाज ‘कसा’ आहे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकाला जी गुरगुर वाटते ती दुसऱ्याला शिट्टी वाटते. आवाज कशाबरोबर बदलतो, याचा मात्र माग काढता येतो. खालचं सगळं त्याच एका धाग्यावर आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. घरघरीबरोबर स्टेअरिंग सैल वाटत असेल, वळणावर चाकाकडून कटकट येत असेल, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत असेल, किंवा वळण घेतल्यानंतर ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर रस्त्यावरच्या चाचण्या करत बसू नका. बेअरिंग इतकं सैल झालं की चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क डुलते आणि तिला दाबणाऱ्या ब्रेक पॅडना मागे ढकलते, म्हणून पेडल खोल जातं. अशी गाडी चालवत नेण्यापेक्षा टो करून न्या. याच्या पुढची पायरी म्हणजे चाक जाम होणं किंवा हब (चाक ज्याला नटांनी लागतं तो भाग) सुटणं.

इंजिन आणि चाकं वेगळी करा

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस वाढवून बघा. तोच आवाज उभ्या गाडीत आला तर चाकांचा संबंध नाही, शोध बॉनेटखाली घ्यायचा. आला नाही तर रस्त्यावर या. आवाज स्पष्ट येतो तो वेग धरा, समजा साठ, आणि त्याच वेगाला एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात चालवा. गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात, चाकांचे बदलत नाहीत. आवाजाचा सूर दोन्ही गिअरमध्ये तसाच राहिला तर तो चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे.

यानंतर मॅन्युअल गाडीत त्याच वेगाला न्यूट्रल करून गाडी आपली आपण वाहू द्या. इंजिन बंद करायचं नाही; ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते. ऑटोमॅटिकमध्ये चालत्या गाडीला न्यूट्रल करावं की नाही, हे गाडीच्या पुस्तकात पाहिल्याशिवाय करू नका. न्यूट्रलमध्येही आवाज तितकाच असेल तर टायर, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक. ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतो आणि पाय काढला की लगेच पडतो किंवा सूर बदलतो, असं असेल तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलकडे (इंजिनची ओढ दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांकडे) संशय वळवा.

आणखी एक. आवाज पुढूनच येतोय याची खात्री करून घ्या. गाडीची बॉडी आवाज वाहून नेते, आणि मागच्या चाकाची घरघर ड्रायव्हरला कित्येकदा समोरून आल्यासारखी वाटते. दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला द्या, आणि तुम्ही एकदा पुढे शेजारच्या सीटवर, एकदा मागे डावीकडे, एकदा मागे उजवीकडे बसून ऐका. काचा बंद ठेवा, पंखा आणि गाणी बंद. पाच मिनिटांचं काम आहे, पण यात चुकीच्या टोकाला जॅक लावण्याची वेळ टळते.

डावीकडे, उजवीकडे

बेअरिंग ओळखण्याची सगळ्यांना ठाऊक असलेली चाचणी हीच: रिकाम्या, रुंद रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने जाताना स्टेअरिंग हलक्या हाताने थोडं डावीकडे आणि मग थोडं उजवीकडे घ्यायचं, लांब आणि सौम्य लाटेत. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर झुकतो. त्या वेळी घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर संशय उजव्या बेअरिंगवर. उलट झालं तर डाव्यावर.

चाचणी चांगली आहे, पण तिला अंतिम निकाल समजणं चूक. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांत गोळ्यांच्या दोन ओळी असलेलं सीलबंद बेअरिंग असतं. वळताना चाकावर नुसतं वजन वाढत नाही, टायरला आडवा रेटाही बसतो, आणि तो रेटा कधी आतल्या तर कधी बाहेरच्या ओळीवर पडतो. खराबी कोणत्या ओळीत आहे त्यावर वळणाच्या आतल्या बाजूचं बेअरिंगही ओरडू शकतं. ‘वळवून पाहिलं, उजवं निघालं, उजवं बदललं, आवाज तसाच’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच जन्माला येते. या चाचणीतून एवढंच घ्या की वळवल्यावर आवाजात ठळक फरक पडत असेल तर बेअरिंग असण्याची शक्यता बरीच आहे. बाजू ठरवायचं काम जॅकवर करायचं.

फरक अजिबात पडला नाही, तर जॅक लावायच्या आधी टायर बघा.

टायर, ज्यांच्याकडे कोणी हात लावून बघत नाही

माझं स्पष्ट मत आहे की पुढच्या घरघरीत टायरचा संशय बेअरिंगच्या आधी यायला हवा, कारण तपासायला तो सगळ्यांत सोपा आणि फुकट आहे. तरी होतं उलटंच. टायरची नक्षी शिल्लक दिसली की तो चांगला समजतात. नक्षी किती उरली आहे आणि ती कशी झिजली आहे, या दोन निराळ्या गोष्टी.

स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी उभी करा म्हणजे टायरची नक्षीची बाजू समोर येईल. टायर थंड असू द्या. तळहात नक्षीवर सपाट ठेवा आणि टायरच्या घेराच्या दिशेने आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि दुसऱ्या दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडते, असं जाणवलं तर ठोकळे करवतीच्या दात्यांसारखे तिरपे झिजलेत. मग हात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. इथे एकाच दिशेला धार लागत असेल तर चाक सरळ न धावता किंचित घासत धावतंय, म्हणजे टो (दोन्ही चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडलेला आहे. आणि तळहाताखाली ठरावीक अंतराने उथळ खळगे लागले, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेत किंवा चाक बॅलन्स नाही आणि टायर रस्त्यावर नाचत चाललाय. हे खळगे डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, हाताला मात्र लगेच कळतात. आतली कड विसरू नका. बाहेरून नवा दिसणारा टायर आतल्या कडेला सपाट झालेला असू शकतो.

अशा टायरचा आवाज बेअरिंगशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी मॅकेनिकही फसतो. फरक दाखवणाऱ्या दोन खुणा आहेत. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो: खडबडीत डांबरावर एक, नव्या गुळगुळीत डांबरावर दुसरा, काँक्रीटवर तिसरा. बेअरिंगला रस्त्याचं फारसं देणंघेणं नसतं, ते कुठेही तेच सूर लावतं. दुसरी खूण हळू वेगाची. ताशी वीस-तीसला काच खाली करून भिंतीलगत किंवा कठड्यालगत चालवलं की झिजलेल्या टायरचे वुव-वुव-वुव असे ठोके सुटे ऐकू येतात. बेअरिंगचा आवाज त्या वेगाला बहुधा दबलेला असतो, आणि आलाच तर खरखरीत पण सलग.

याचं गणितही पाहण्यासारखं आहे. साधारण गाडीच्या टायरचा घेर २ मीटरच्या आसपास असतो. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला आठ-साडेआठ फेऱ्या मारतं. टायरवर एकच सपाट डाग असेल तर सेकंदाला तेवढेच ठोके पडतील आणि ते थडथड म्हणून जाणवतील. बेअरिंगमध्ये मात्र चाकाच्या एका फेरीत एकामागून एक बऱ्याच गोळ्या त्याच खराब जागेवरून जातात, त्यामुळे ठोक्यांची संख्या काही पटींनी वाढते, ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला सलग घूं ऐकू येते. आवाज ‘मोजता येण्यासारखा’ आहे की ‘सलग’ आहे, एवढं नीट ऐकलं तरी बरंच काही कळतं.

खात्री करायची असेल तर चाकं बदला. पुढची मागे, मागची पुढे. टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतील तर बाजूवर बाणाची खूण असते. तेव्हा डावी चाकं डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच ठेवून पुढे-मागे करा. पुढचे-मागचे टायर निरनिराळ्या मापाचे असतील तर हा उपाय नाही. हवा गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे भरा, नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फिरून या. आवाज मागे गेला किंवा त्याचा सूर स्पष्ट बदलला तर तो टायरचाच. जागचा हलला नाही तर टायर संशयातून सुटले.

आणि हो, टायर पुढे-मागे केल्यानंतर लगेचच पुढून घरघर सुरू झाली असेल, तर जवळजवळ उत्तर मिळालंच. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांमध्ये मागचे टायर हलक्या भाराखाली नुसते लोळत असतात आणि त्यांवर हे दाते-खळगे जास्त धरतात. मागे होते तोवर आवाज दूर होता. पुढे आणल्यावर तो तुमच्या पायाखाली आला.

टायर दोषी निघाला तर नुसता नवा टायर घालून थांबू नका. परत परत घरघर येण्याचं हे दुसरं मोठं कारण. नवा टायर गप्प असतोच, म्हणून प्रश्न सुटला असं वाटतं. पण शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेच, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा सांधा) तोच सैल, टो तोच वाकडा. काही महिन्यांत नव्या टायरवर तीच नक्षी उमटते. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करण्याआधी टाय रॉड एंड, आणि चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश, तपासून घ्या. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट मशिनच्या कागदावर बरोबर येतं, रस्त्यावर टिकत नाही. टायर किती जुना आहे तेही बघा. बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. जुना होऊन कडक झालेला टायर झीज नसतानाही जास्त आवाज करतो, आणि त्यावर बदलण्याखेरीज इलाज नाही.

जॅकवर

सपाट, टणक जमीन. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढचा भाग उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. यात सवलत नाही.

चाक वर आणि खाली, घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि कॅलिपर (पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) एकमेकांना धरतात, म्हणजे हब आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो सस्पेन्शनचा भाग) एकजीव होतात. खेळ गेला तर तो बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथला खेळ बहुधा टाय रॉड एंडचा किंवा स्टेअरिंग रॅकचा असतो.

इथे एक गैरसमज हटवणं गरजेचं आहे. ‘चाक हलवून पाहिलं, प्ले नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं’ हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं आणि ते बरोबर नाही. सीलबंद बेअरिंगमध्ये धावपट्टीचा, म्हणजे गोळ्या जिच्यावरून धावतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग सोलवटायला लागला की आवाज सुरू होतो. हाताला कळेल इतका खेळ यायला त्यानंतर बराच काळ जातो. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खेळाची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. ती डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या साधनावर) दिसते, हाताला नाही.

दुसरं असंच वाक्य: ‘हाताने फिरवून पाहिलं, आवाज नाही.’ रस्त्यावर पुढच्या एकेका चाकावर तीनशे-साडेतीनशे किलो भार असतो. जॅकवर तो शून्य होतो. भार नसताना दुखऱ्या जागेवरून गोळ्या अलगद निघून जातात. म्हणून कानापेक्षा हातावर विश्वास ठेवा. एक हात शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यावर हलका टेकवा आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग निवांत राहते. खराब असेल तर बारीक वाळू दळल्यासारखी कुरकुर तळहातात उतरते, कानाला काहीच ऐकू येत नसताना. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच करा आणि तुलना करा. या तुलनेतच खरं उत्तर आहे. एकाच बाजूला हात लावून निर्णय घेऊ नका. फिरवताना बोटं चाकाच्या आऱ्यांत आणि स्प्रिंगच्या फटीत जाणार नाहीत याची काळजी घ्या. ब्रेक पॅडच्या घासण्यामुळे गोंधळ होत असेल तर कॅलिपर काढून तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका, आणि मग हब फिरवा.

स्टेथोस्कोप असलेल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवून गिअरमध्ये चाकं फिरवतात आणि नकलवर टोक टेकवून ऐकतात. अतिशय उपयोगी तपासणी आहे, पण ती जाणकाराच्या हातूनच व्हावी. एक चाक अडलं तर साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. शिवाय लिफ्टवर चाकं खाली लोंबत असल्याने ड्राइव्हशाफ्टचे (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) सांधे तिरपे होतात आणि स्वतःचा वेगळाच आवाज करतात, त्याने फसू नये.

तापमानाचाही आधार घेता येतो. जोरात ब्रेक न मारता काही किलोमीटर गाडी चालवा, हळूहळू थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही हबचा मध्यभाग मोजा. एक बाजू ठळक जास्त गरम असेल तर तिथे बेअरिंग तरी खराब आहे किंवा ब्रेक तरी धरून बसलाय. दोन्हींतलं कोणतं ते चाक वर उचलल्यावर कळेल: अडकलेल्या कॅलिपरचं चाक हाताने ढकललं की लगेच थांबतं.

बाकीचे संशयित

अडकलेल्या कॅलिपरचा आवाज घरघरीपेक्षा घासण्याकडे झुकतो, ब्रेक हलका दाबला की बदलतो, आणि चाकाजवळ करपट वास येतो. डिस्कमागचा पत्रा वाकून डिस्कला टेकला किंवा त्यात खडा अडकला तर आवाज करकरीत, धातूचा येतो. एखादा खडा भयंकर आवाज करतो आणि पत्रा जरा मागे वाकवला की सगळं शांत.

सीव्ही जॉइंटला, म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांना, घरघरीसाठी उगाच दोष दिला जातो. बाहेरचा जॉइंट गेला तर स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट येते. आतला गेला तर ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरते. सलग घूं ही त्यांची भाषा नाही.

जो संशयित बहुतेक वेळा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे ड्राइव्हशाफ्टच्या मधलं आधाराचं बेअरिंग. पुष्कळ गाड्यांत एका बाजूचा शाफ्ट दोन भागांत असतो आणि इंजिनच्या मागे एका ब्रॅकेटमधल्या बेअरिंगवर टेकलेला असतो. ते खराब झालं की आवाज अगदी चाकाच्या बेअरिंगसारखा येतो. त्या बाजूचं हबचं बेअरिंग बदलूनही काडीचा फरक पडला नसेल, तर आधी तुमच्या गाडीला असं मधलं बेअरिंग आहे का ते विचारा.

गिअरबॉक्सची खूण वर आली आहे: पाय देताना-काढताना आवाज बदलतो. त्यात भर म्हणजे, गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये गुरगुर आहे आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघावं लागेल. गिअरबॉक्स ऑइलची पातळी तपासा, आणि ऑइल काढलंच तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा. बारीक काळपट लगदा नेहमीचा. चमकणारे कण किंवा कपच्या निघाल्या तर चाकांकडे बघण्यात वेळ घालवू नका.

बेअरिंगच होतं, बदललं, आणि तरीही

आता खरा त्रासाचा प्रकार. निदान बरोबर होतं, बेअरिंग चांगल्या प्रतीचं आणलं, आणि काही आठवड्यांत तीच घरघर. अशा वेळी मी पार्टपेक्षा तो कसा बसवला हे आधी विचारतो.

नकलमध्ये दाबून बसवायच्या बेअरिंगला दोन कडी असतात, बाहेरचं आणि आतलं, आणि मध्ये गोळ्या. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. नंतर हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या कड्याला खालून आधार पाहिजे. हे उलटसुलट झालं, की प्रेसचा सगळा जोर गोळ्यांमधून जातो. गोळी धावपट्टीला अगदी इवल्याशा जागी टेकलेली असते. तिथे डोळ्याला जेमतेम दिसेल असा खळगा पडतो, प्रत्येक गोळीखाली एक. नवंकोरं बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं. हातोड्याने ठोकून बसवलं तर हे हमखास होतं. म्हणून प्रेस किंवा योग्य मापाचे पुलर-कप नसलेल्या ठिकाणी हे काम देऊच नये, असं मी ठामपणे सांगेन.

जुना हब बाहेर काढताना बेअरिंगचं आतलं कडं बहुतेक वेळा हबवरच अडकून येतं. ते ग्राइंडरने कापताना हबच्या दांड्यावर चीर पडली तर नवं कडं तिथे नीट बसत नाही, किंचित फिरतं, तापतं आणि जातं. नकलचं भोकही तपासावं लागतं. आधीचं बेअरिंग फार सैल होऊन चाललं असेल तर भोक लंबगोल झालेलं असतं. नवं बेअरिंग नुसत्या हाताने आत सरकलं तर कामगाराला सोपं गेलं म्हणून खूश होऊ नका. ती नकल बाद आहे. तिच्यात कितीही बेअरिंगं घाला, एकही टिकणार नाही.

शाफ्टच्या टोकाचा मोठा नट तर फार दुर्लक्षित. बेअरिंगचा आतला ताण तो ठरवतो. अनेक गाड्यांत तो आवळण्याचा जोर (टॉर्क) २०० ते ३०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो. नेमका किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचं आणि टॉर्क रेंचने, ब्रेक दाबून धरून आवळायचं. इम्पॅक्ट गनने ‘कर्रर्र’ करून सोडलेला नट कमीही असू शकतो आणि जास्तही. तो आवळण्याआधी गाडी चाकांवर टेकवून ढकलू नये, कारण ताण नसलेल्या बेअरिंगवर वजन आलं तरी इजा होते. नट नवा वापरायचा. जिथे नटाची कड ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवायची असते, तिथे जुना नट पुन्हा लावणं म्हणजे पुढच्या घरघरीची तयारी.

एबीएसच्या गाडीत आणखी एक मुद्दा. बऱ्याच बेअरिंगांच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसू शकतात. लोखंडी टाचणी किंवा पेपरक्लिप लावली की चुंबकीय बाजू हलकीशी धरते. उलटं बसलं तर दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा.

बोल्टने लागणारा पूर्ण हब असेल तर बसवणं पुष्कळ सोपं, पण टेकण्याची जागा गंज खरवडून साफ करा. गंजाच्या खपलीवर तिरका बसलेला हब डिस्कलाही डुलवतो. आणि कामासाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर-नकलचे बोल्ट सोडले असतील तर शेवटी अलाइनमेंट हवंच, नाहीतर बेअरिंगची घरघर गेली आणि टायरची सुरू झाली, असं होतं.

दोन्ही बाजूंची बेअरिंगं एकदम बदलावीत का, असं बरेच जण विचारतात. माझ्या मते नाही. सिद्ध झालेलं तेवढंच बदला. मात्र एक लक्षात असू द्या: मोठा आवाज बंद झाला की त्याच्याखाली दबलेला दुसरा लहान आवाज ऐकू यायला लागतो. तो दुसऱ्या बेअरिंगचा असेल, टायरचा असेल. ‘काम फसलं’ म्हणण्याआधी वरच्या चाचण्या पुन्हा करा, सुरुवातीपासून.

पाण्यातून गाडी काढल्यावर काही दिवसांनी घरघर सुरू होण्यामागेही सरळ कारण आहे. चालून तापलेला हब एकदम थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस बिघडतं, धावपट्टीवर गंज धरतो. जोराच्या फवाऱ्याने चाकं धुताना नळी थेट हबच्या सीलवर रोखू नये, तेही याचसाठी. जोरदार खड्डा किंवा फुटपाथची कड बसली, तर आदळलेल्या क्षणी धावपट्टीवर खळगे पडतात आणि आवाज नंतर कधीतरी वाढत येतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध मालकाच्या लक्षातच येत नाही. चाकांना स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) किंवा जास्त बाहेर येणारे रिम लावले असतील तर रस्त्याचा भार बेअरिंगच्या मध्यावरून बाहेर सरकलाय. ते काढल्याशिवाय नव्या बेअरिंगचं आयुष्य वाढणार नाही.

हे सगळं तपासायला सगळ्यांत चांगला पुरावा म्हणजे काढलेलं जुनं बेअरिंग. ते मागून घ्या, गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. कापून उघडता आलं तर उत्तमच. ग्रीस तांबूस, दुधाळ आणि कडी गंजलेली असतील तर पाणी शिरलं होतं. सील आणि वापर दोन्ही बघा. बाहेरच्या कड्याच्या एकाच भागात पापुद्रे निघालेले असतील तर भार आणि झिजेने आयुष्य संपलंय. अशा वेळी नव्या बेअरिंगकडून चांगली अपेक्षा ठेवायला हरकत नाही. गोळ्यांच्या अंतराइतक्या अंतरावर ओळीने खळगे दिसले तर बसवताना ठोकलंय किंवा चाक जोरात आदळलंय. धातू निळसर-काळा पडला असेल तर ते जळेपर्यंत तापलं होतं: ग्रीस संपलं, नट जादा आवळला किंवा ब्रेक धरून बसला. या शेवटच्या दोन कारणांचा, नट आणि ब्रेकचा, संशय असेल तर, नवं बेअरिंग बसवलं असलं तरी गाडी ताब्यात घेण्याआधी कॅलिपर मोकळा आहे का आणि नटाला टॉर्क रेंच लावला का, हे समोर उभं राहून करून घ्या.